घंटा न वाजलेला सप्टेंबर: इस्रायलमधल्या अरब शाळा आणि खासगीकरण

आपल्याकडे जूनच्या मध्यावर जी धांदल असते, ती इस्रायलमध्ये १ सप्टेंबरला असते. नवी दप्तरं, नवे बूट, दाराशी रडणारी बालवाडीतली पोरं. २०१५ सालच्या १ सप्टेंबरला मात्र नाझरेथ, हैफा, जाफा, रामला आणि गॅलिलीतल्या गावांमधल्या ४७ शाळा उघडल्याच नाहीत. या शाळांमध्ये सुमारे ३३,००० मुलं शिकत होती आणि त्यातली बहुतेक सगळी अरब होती. घटत्या सरकारी अनुदानाविरुद्ध संस्थाचालकांनी संप पुकारला होता, शिक्षक आणि पालक त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. जवळजवळ अख्खा सप्टेंबर या शाळांची घंटा वाजली नाही.

त्या शाळा खासगी होत्या, चर्चच्या मालकीच्या. मग खासगी शाळा सरकारकडे पैसे का मागत होत्या? आणि दोन कोसांवर मोफत सरकारी शाळा असताना पालक फीच्या शाळेसाठी का भांडत होते? या दोन प्रश्नांचा माग काढला की शिक्षणाच्या खासगीकरणाची एक वेगळीच गोष्ट समोर येते. यात कुणी शाळा विकत घेतल्या नाहीत की लिलावही झाला नाही. तरीही शाळेचा खर्च हळूहळू एका खिशातून दुसऱ्या खिशात सरकत गेला, आणि ज्यांचा खिसा आधीच फाटका होता त्यांचं त्यात सगळ्यात जास्त नुकसान झालं.

आधी ही माणसं कोण ते पाहू. १९४८ च्या युद्धानंतर नव्या इस्रायलच्या सीमेच्या आत जे पॅलेस्टिनी अरब राहिले, त्यांना पुढे नागरिकत्व मिळालं. आज देशाच्या लोकसंख्येत अरब साधारण एक-पंचमांश आहेत. बहुतेक मुस्लिम, काही ख्रिस्ती, काही द्रुझ या वेगळ्या धर्मपंथाचे. त्यांची मुलं अरबी माध्यमाच्या शाळांत जातात. मंत्रालय एकच, पण शाळांचे प्रवाह वेगळे: हिब्रू सरकारी, हिब्रू सरकारी-धार्मिक, अतिधार्मिक ज्यूंच्या स्वतंत्र शाळा, आणि अरब शाळा. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९४९ सालचा, सरकारी शिक्षणाचा १९५३ चा. कागदावर मोफत शिक्षणाचा हक्क प्रत्येक मुलाला सारखाच आहे.

वाटपात मात्र तो सारखा नव्हता. एकच उदाहरण देतो. १९९८ साली सरकारने 'राष्ट्रीय प्राधान्याची' गावं ठरवली. यादीत नाव आलेल्या गावांच्या शाळांना जादा निधी मिळणार होता. शिक्षणासाठी वरचा दर्जा मिळालेल्या पाचशेहून अधिक गावांमध्ये अरब गावं होती चार, तीही लहान. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही यादी भेदभाव करणारी म्हणून रद्द ठरवली. म्हणजे खासगीकरणाचा वारा वाहत होता त्या काळात अरब शाळा सगळ्यांच्या बरोबरीने उभ्या नव्हत्या, त्या दोन पायऱ्या खालीच होत्या. पुढचं सगळं या पायऱ्या लक्षात ठेवून वाचावं.

आता तो वारा कसा सुटला ते. १९८४ मध्ये इस्रायलमध्ये महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. १९८५ मध्ये सरकारने अर्थव्यवस्था सावरण्याचा मोठा कार्यक्रम आणला आणि सरकारी खर्चाला कात्री लावली. ती शाळेच्या तासांनाही लागली. चित्रकला, संगीत, प्रयोगशाळा, जादा गणित असे तास आटले. शहरांतल्या सुस्थितीतल्या ज्यू पालकांनी ठरवलं, तास कमी होतात ना, आपण वर्गणी काढू आणि आपल्याच शाळेत शिक्षक नेमू. शाळेची वेळ संपली की त्याच वर्गात पैसे भरलेल्या मुलांना जादा तास. याला हिब्रूत 'करडं शिक्षण' म्हणू लागले. ना पूर्ण सरकारी, ना पूर्ण खासगी. नाव अगदी चपखल आहे. पुढे सरकारने ही वर्गणी कायद्याच्या चौकटीत आणली. पालकांकडून किती घ्यावं याच्या मर्यादा संसदेची शिक्षण समिती ठरवू लागली. त्यामुळे मनमानीला आळा बसला, पण पालकांच्या पैशावर शाळा सुधारायची ही रीत कायमची रुजली.

ही रीत अरब गावात काय करते ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, एका वर्गात ३० मुलं आहेत. तेल अवीवच्या चांगल्या वस्तीत प्रत्येक पालक वर्षाला १,००० शेकेल (शेकेल हे तिथलं चलन) देतो. जमले ३०,००० शेकेल. नेगेवच्या वाळवंटातल्या रहात या बेदुइन शहरात मुख्याध्यापक १०० शेकेल मागतो आणि निम्मेच पालक देऊ शकतात. जमले १,५००. सरकारने दोन्ही वर्गांना अगदी सारखे तास दिले असं धरलं, तरी एका वर्गात आता रोबोटिक्स आहे, सहल आहे, गणिताचा दुसरा शिक्षक आहे. दुसऱ्या वर्गात जे होतं तेच आहे. ही तफावत कुणी मुद्दाम निर्माण केली नाही. एकाही अधिकाऱ्याने अरब मुलांना कमी द्या असा हुकूम काढला नाही. म्हणूनच ही तफावत कोर्टात सिद्ध करणं अवघड जातं. चार गावांच्या यादीवर बोट ठेवता येतं, पालकांनी न दिलेल्या वर्गणीवर कुठे ठेवणार?

पालकांनंतर येते नगरपालिका. मला तर या सगळ्यात हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. इस्रायलमध्ये शाळेचा बराचसा खर्च स्थानिक संस्था उचलतात. इमारतीची निगा, शिपाई, सेवक, जादा उपक्रम, कधी कधी जादा शिक्षकही. हा पैसा येतो मालमत्ता करातून. त्यातही घरांपेक्षा कार्यालयं, कारखाने, मॉल आणि बँका यांचा कर भारी असतो. ज्या शहरात औद्योगिक वसाहत आहे, सरकारी कचेऱ्या आहेत, त्याची तिजोरी भरते. अरब गावांकडे असं फारसं काही नाही. जमिनी गेल्या, हद्द वाढवून मिळत नाही, औद्योगिक क्षेत्र शेजारच्या ज्यू शहराच्या हद्दीत. देशाच्या सांख्यिकी खात्याने गावांची आर्थिक-सामाजिक परिस्थितीनुसार १ ते १० अशी प्रतवारी केली आहे, त्यात अरब गावं बहुतांशी खालच्या चार गटांत आहेत. तिथली नगरपालिका शाळेवर मूलमागे किती खर्च करणार?

त्यात भर म्हणजे केंद्राच्या अनेक योजना 'तुम्ही एवढे घाला, मग आम्ही एवढे घालू' या अटीवर असतात. आपल्याकडच्या लोकवर्गणीच्या अटीसारखंच. ज्याच्याकडे स्वतःचे घालायला आहेत, त्यालाच वरचे मिळतात. शिवाय अर्ज लिहायला, प्रस्ताव करायला, पाठपुरावा करायला पालिकेत माणसं लागतात. छोट्या अरब पालिकेत शिक्षण विभाग म्हणजे एक-दोन माणसांचा कारभार. मुदत उलटून जाते आणि पैसा दुसरीकडे जातो. कागदोपत्री मात्र संधी सगळ्यांना सारखीच होती.

या सगळ्याला खासगीकरण का म्हणायचं, असं कुणी विचारेल. शिक्षण ही देशाची जबाबदारी असते तेव्हा मुलाच्या वाट्याला येणारं शिक्षण देशाच्या तिजोरीवर ठरतं. ते पालकाच्या आणि गावाच्या ऐपतीवर ठरू लागलं की शाळेवरची पाटी सरकारी असली तरी आतलं शिक्षण बाजाराच्या हिशेबाने चालतं. माझ्या मते खासगीकरणाची खरी खूण हीच आहे.

मग येतो तिसरा प्रकार: शाळा सरकारची, पण शिकवणारा बाहेरचा. गेल्या तीन-चार दशकांत इस्रायलच्या शाळांमध्ये स्वयंसेवी संस्था, निधी आणि कंपन्या यांचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर शिरले. विज्ञानाचे प्रयोग, नाटक, व्यसनमुक्ती, नेतृत्वविकास, परीक्षेची तयारी. २०२२ पासून तर 'गेफेन' नावाची व्यवस्था आली आहे. मुख्याध्यापकाच्या हाती ठरावीक रक्कम येते आणि मंत्रालयाने मान्य केलेल्या पुरवठादारांच्या ऑनलाइन यादीतून त्याने कार्यक्रम निवडायचे. मुख्याध्यापकाला मोकळीक मिळते हे खरंच आहे आणि ती चांगलीही आहे. वर्षानुवर्षं वरून आलेले हुकूम पाळणाऱ्या माणसाला पहिल्यांदा स्वतःच्या शाळेसाठी काही ठरवता येतं. पण त्या यादीतले बहुतेक कार्यक्रम हिब्रूत, हिब्रू शाळा डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेले असतात. अरबीत, अरब मुलाच्या घराची, गावाची, इतिहासाची जाण ठेवून केलेले त्यात थोडे. कधी केवळ भाषांतर केलेलं साहित्य येतं, कधी शिकवायला आलेल्याला अरबी येत नाही. यादी लांबलचक असते, पण अरब मुख्याध्यापकाला त्यातून निवडण्याजोगं फार थोडं सापडतं.

बाहेरून येणाऱ्या या शिक्षकांची नोकरी तासांवर, करारावर. अरब समाजात त्याला आणखी एक बाजू आहे. उत्तरेत शिक्षक प्रशिक्षण पूर्ण करून नेमणुकीची वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या अरब तरुण-तरुणींची, विशेषतः तरुणींची, संख्या मोठी आहे. त्याच वेळी हिब्रू शाळांत शिक्षक मिळत नाहीत अशी ओरड असते. जिथे नोकरीसाठी रांग लागलेली असते तिथे कमी पैशात, नोकरीत कायम न करता, सुट्टीचा पगार न देता माणूस मिळतो. आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माध्यमिक शाळांचं आणखी वेगळं. ओर्त, अमाल यांसारख्या मोठ्या शिक्षण-साखळ्या देशभर माध्यमिक शाळा चालवतात. त्यातल्या काही अरब गावांतही आहेत. गरीब पालिकेला हा सौदा सोयीचा वाटतो: इमारत आमची, मुलं आमची, कारभार तुमचा. काही ठिकाणी निकाल सुधारतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शाळेत काही बिघडलं तर पालकाने जायचं कुणाकडे? पालिका म्हणते साखळीला विचारा, साखळी म्हणते मंत्रालयाचा नियम आहे, मंत्रालय म्हणतं शाळा पालिकेची.

आता पुन्हा त्या ४७ शाळांकडे येऊ. यातल्या बहुतेक शाळा इस्रायलपेक्षा जुन्या आहेत, काही तर शंभर वर्षांहून जुन्या. जाफाचं 'कॉलेज दे फ्रेर' १८८२ सालचं, ऑटोमन काळातलं. १९४८ नंतर त्यांना कायद्यात जागा मिळाली ती एका विचित्र नावाच्या गटात: 'मान्यताप्राप्त, पण सरकारी नाही'. मराठी वाचकाला हा गट समजावायचा सोपा मार्ग म्हणजे 'अंशतः अनुदानित'. सरकार खर्चाचा काही टक्का देतं, अभ्यासक्रमाचा गाभा सरकारचा, उरलेलं संस्थेने फीतून उभं करायचं. चर्चच्या शाळांना पूर्वी खर्चाच्या साधारण ६५ टक्के मिळत असे. पुढे ते घटत गेलं आणि संपाच्या सुमारास, शाळांच्या म्हणण्यानुसार, जेमतेम एक-तृतीयांश उरलं. भरीला मंत्रालयाने पालकांकडून घ्यायच्या फीवरही मर्यादा घातली. अनुदानही घटलं आणि फीही वाढवता येईना, अशा कात्रीत शाळा सापडल्या.

त्यांचा राग नुसत्या कपातीचा नव्हता. याच गटात, अगदी याच कायदेशीर नावाखाली, अतिधार्मिक ज्यूंच्या दोन मोठ्या शाळासाखळ्या आहेत. त्यांना सरकारी शाळांइतकं, म्हणजे जवळजवळ पूर्ण अनुदान मिळतं. त्यांचे पक्ष सत्ताधारी आघाड्यांत असतात. नाव एकच आणि अनुदान दोन प्रकारचं. पुस्तकात न सापडणारा एक नियम इथे दिसतो: खासगी शाळेला सरकार किती देणार हे ती खासगी आहे यावर ठरत नाही, तिच्या पाठीशी कोण आहे यावर ठरतं.

सरकारने एक पर्याय पुढे केला होता. सरकारी शाळा व्हा, पूर्ण पैसे घ्या. चर्चने नकार दिला. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटेल. पण अरब पालकांच्या मनात सरकारी अरब शाळेची जी प्रतिमा आहे ती समजल्याशिवाय हा नकार समजणार नाही. शिक्षण मंत्रालयाच्या अरब विभागात उपप्रमुखाच्या पदावर शिन बेत या अंतर्गत गुप्तचर संस्थेचा माणूस असे. अरब शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या नेमणुकांवर त्याची नजर असे. न्यायालयात याचिका झाल्यानंतर २००५ मध्ये ते पद बंद झालं. म्हणजे दोन पिढ्यांनी अशा शाळेत शिक्षण घेतलं जिथे गुरुजी काय बोलतात याची नोंद होत असेल अशी भीती होती. अशा समाजाला खासगी शाळा म्हणजे आधी थोडा मोकळा श्वास वाटते, बाकीचं नंतर.

शिवाय त्या शाळा चांगल्या आहेत. ख्रिस्ती अरब मुलांचा बग्रुतचा, म्हणजे तिथल्या बारावीचा, निकाल अनेक वर्षं ज्यू मुलांच्या सरासरीपेक्षा वर राहिला आहे. या शाळांत मुस्लिम मुलंही मोठ्या संख्येने शिकतात. अरब समाजातले डॉक्टर, वकील, प्राध्यापक पाहिले तर त्यातले कितीतरी जण या शाळांचे विद्यार्थी निघतील. दुसरीकडे २०१८ च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात हिब्रू शाळांतल्या मुलांची सरासरी होती ५०६ गुण, अरबी शाळांतल्या मुलांची ३६२. एवढा फरक दोन देशांत असला तरी आपण चकित होऊ. हा एकाच देशात, एकाच मंत्रालयाच्या हाताखाली आहे. आपल्या लेकराला त्या ३६२ मधून बाहेर काढायला आई दागिने मोडून फी भरते, यात तिचं काय चुकलं?

तिचं काहीच चुकत नाही, आणि तरीही त्यातून एक नुकसान होतं जे भरून येत नाही. चांगल्या खासगी शाळेत प्रवेश मर्यादित, अनेक ठिकाणी चाचणी घेऊन. तिथे जातात शिकलेल्या, थोड्या सुस्थितीतल्या घरांतली मुलं. हेच ते पालक, जे सरकारी शाळेत राहिले असते तर पालकसभेत उठून बोलले असते, पालिकेत खेटे घातले असते, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं असतं. ते गेले की सरकारी शाळेतला आवाज जातो. मागे उरतात ती मुलं, ज्यांच्या घरी अर्ज लिहिता येणारं कुणी नाही. शाळा आणखी खालावते, मग आणखी चार घरं बाहेर पडतात. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट ओसरताना आपण हे पाहिलं आहे. फरक एवढाच की मराठी माणूस इथे बहुसंख्य आहे, शाळा बिघडली तर ती सुधारायला सरकार बदलू शकतो. नाझरेथच्या पालकाकडे तो मार्ग फारसा नाही. त्याच्यापुढे शाळा बदलणं एवढंच उरतं.

रामला आणि लोद ही नावं महाराष्ट्रात काही घरांना परकी नाहीत. कोकणातून इस्रायलला गेलेले आपले बेने इस्रायली बांधव या गावांत वस्ती करून आहेत, त्यांच्या घरांत आजही मराठी बोललं जातं. ही दोन्ही मिश्र वस्तीची शहरं आहेत: पालिका एक, ज्यू आणि अरब मुलांच्या शाळा वेगळ्या. संपात सामील झालेली एक शाळा याच रामलात आहे.

संप मिटला तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दरम्यान जेरुसलेममध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. सरकारी अरब शाळांनी एक दिवस बंद पाळून पाठिंबा दिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण खासगी आणि सरकारी यांच्यातली भिंत त्या दिवसापुरती तरी पडली होती. तडजोड झाली ५ कोटी शेकेलवर, तेव्हाच्या दराने साधारण ८५ कोटी रुपये. आकडा मोठा दिसतो. ३३,००० मुलांनी भागा: मुलामागे पंधराशे शेकेल, आणि तेही एकदाच. अनुदानाची टक्केवारी कायमची ठरवण्याचा प्रश्न पुढच्या चर्चेवर सोडला गेला.

पूर्व जेरुसलेमला वेगळं पाहावं लागतं, कारण तिथे हा सगळा प्रकार टोकाला गेला आहे. १९६७ मध्ये इस्रायलने हा भाग ताब्यात घेतला. तिथल्या बहुतेक पॅलेस्टिनींना नागरिकत्व नाही, कायम रहिवाशाचा दाखला आहे. सुरुवातीला सरकारने शाळांत इस्रायली अभ्यासक्रम आणला तेव्हा पालकांनी सरकारी शाळांवर बहिष्कार टाकला आणि मुलं खासगी शाळांत घातली. सरकारी वर्ग ओस पडले. शेवटी काही वर्षांनी जॉर्डनचा अभ्यासक्रम परत आणावा लागला. म्हणजे या शहरात खासगी शाळा ही एकेकाळी चळवळीची छावणी होती. त्याआधी, १९४८ मध्ये, हिंद अल-हुसैनी या तरुणीने जेरुसलेमजवळच्या देइर यासीन या पॅलेस्टिनी गावातल्या हत्याकांडातून वाचलेल्या ५५ अनाथ मुलांना आसरा दिला आणि आपल्या आजोबांच्या वाड्यात 'दार अल-तिफ्ल अल-अरबी' उभं केलं. त्या अनाथालयाची पुढे मुलींची नावाजलेली शाळा झाली. तीही खासगीच. एकाच शब्दाखाली किती वेगळ्या गोष्टी मोडतात ते यावरून कळावं.

पण २००० नंतर चित्र पालटलं. लोकसंख्या वाढली, वर्गखोल्या वाढल्या नाहीत. मुलं भाड्याच्या निवासी इमारतींत, ज्या खोल्या घर म्हणून बांधल्या त्यांत शिकू लागली. आणि ही तूट सरकारने नव्या शाळा बांधून भरून काढण्याऐवजी 'मान्यताप्राप्त, पण सरकारी नाही' या दारातून भरली. खासगी चालक पुढे आले, सरकारने अनुदान दिलं, उरलेलं पालकांनी फी म्हणून. जुन्या चर्च आणि वक्फच्या शाळांशेजारी आता अशाही शाळा आल्या ज्यांच्यामागे ना परंपरा होती ना चळवळ, फक्त मागणी होती.

पालक न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पूर्व जेरुसलेमच्या मुलांचा मोफत सरकारी शिक्षणाचा हक्क पायदळी तुडवला जात आहे, राज्याने पाच वर्षांत पुरेशा वर्गखोल्या उभ्या कराव्यात. आणि नाही जमलं, तर सरकारी शाळेत जागा न मिळालेल्या मुलाची खासगी शाळेची फी राज्याने भरावी.

पालकांनी याचिकेत वर्ग मागितला होता. पाच वर्षांची मुदत २०१६ च्या फेब्रुवारीत संपली, तेव्हाही वर्गखोल्या अपुऱ्याच होत्या. त्या मुदतीत पहिलीत गेलेलं पोर तोवर पाचवीत पोचलं होतं, आणि भाड्याच्या खोलीतल्या बाकावर तिसऱ्या मुलाला जागा करून देत होतं.